वकील फुकट, न्याय दुर्मिळ!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्यात म्हणतात. ही म्हण ज्याने काढली तो ती पायरी चढून, हात पोळून परत आलेला माणूस असला पाहिजे. पण ज्यांना त्या पायरीपर्यंत पोहोचताच येत नाही, पायरी कोठे आहे हे ज्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितलेच तर ज्या भाषेत सांगतात ती भाषा ज्यांची नसते, अशांनी काय करावे? माळव्यातील धार आणि देवास या दोन जिल्ह्यांत नर्मदेवरील धरणांच्या पाण्याने घराबाहेर काढलेल्या भिल्ल, भिलाला, बारेला आणि कोरकू स्त्रियांचा हा प्रश्न आहे. आणि तो आज आम्ही मुद्दाम सीमाभागातील मराठी वाचकांपुढे मांडीत आहो.

आमचे स्वतःचे घोंगडे इतकी वर्षे भिजत पडले असताना दूरच्या माळव्याची ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण धार-देवास आपल्याला दूरची कधी होती? दोन्ही ठिकाणच्या गाद्या पवारांच्या. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव जन्मला तो धारेच्या किल्ल्यात. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व 1948 पासून अखेरपर्यंत देवासलाच राहिले आणि तेथल्या बायाबापड्यांच्या तोंडची माळवी गीते ऐकून त्यांनी आपले गाणे समृद्ध केले. ही झाली जिव्हाळ्याची नाती. आणखी एक नाते आहे. ते कडवट आहे. 1 नोव्हेंबर 1956 या ज्या काळ्या दिवशी बेळगाव, निपाणी, कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातली गेली, त्याच दिवशी धार आणि देवासही मध्य भारतातून उचलून नव्या मध्य प्रदेशात घालण्यात आली. ज्या भाषावार प्रांतरचनेचा एवढा डांगोरा पिटला गेला, तिने मराठीचा हिशेब अर्धवट ठेवला हे आपण रोज भोगतो. भिलीचा हिशेब तर तिने मांडलाच नाही. भिली बोलणारी माणसे मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत वाटली गेली आणि चारांपैकी एकाही राज्याने तिला राजभाषा म्हटले नाही. 2011 च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून नोंदविणारांची संख्या एक कोटीच्या वर आहे. काश्मिरी, सिंधी, कोकणी, डोगरी, बोडो यांच्यापैकी प्रत्येक भाषेहून हा आकडा मोठा. तथापि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील 22 भाषांत भिलीला जागा नाही!

परक्या भाषेतला उतारा हाती पडला म्हणजे माणसाची काय गत होते, हे खानापूर-निपाणीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. पण त्या शेतकऱ्याजवळ निदान तीन गोष्टी असतात. उताऱ्यावर त्याचे नाव असते. बेळगावच्या कोर्टात मराठी बोलणारा वकील त्याला भेटतो. आणि त्याचे गाऱ्हाणे छापावयास त्याच्या भाषेतले वर्तमानपत्र असते. कुक्षी किंवा बागली तहसिलातल्या भिलाला बाईपाशी या तिन्हींपैकी किती असतात, याचा वाचकांनी मनाशीच विचार करावा.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण कायदा बोलतो मोठे गोड. 1976 सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने 39-अ हे कलम घातले आणि आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्याय नाकारला जाऊ नये, यासाठी मोफत विधिसाहाय्य देणे हे राज्याचे काम ठरविले. त्यानंतर अकरा वर्षांनी, 1987 मध्ये, विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला. तो अमलात यावयास 9 नोव्हेंबर 1995 उजाडले. कलमापासून कार्यालयापर्यंत एकोणीस वर्षे! बरे, कायदा झाला तो चांगला झाला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. त्याच्या 12 व्या कलमात मोफत वकील कोणाला मिळावा त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला मिळावा; कोणाही स्त्रीला मिळावा; आणि सामूहिक आपत्ती, वांशिक हिंसा, पूर, दुष्काळ, भूकंप, औद्योगिक अपघात अशा संकटात सापडलेल्यांना मिळावा. स्त्री आणि आदिवासी यांना उत्पन्नाची अटदेखील नाही. म्हणजे नर्मदाकाठची उठविलेली भिल्ल बाई एकदा आदिवासी म्हणून पात्र, पुन्हा स्त्री म्हणून पात्र. एवढे दुहेरी पात्र असणारे माणूस या देशात शोधून सापडणे कठीण.

तिसऱ्यांदा ती पात्र आहे की नाही, येथे मात्र कायदा चाचपडतो. यादीत पूर आहे, धरण नाही. पावसाने आणलेले पाणी घरात शिरले तर ती आपत्ती. आणि सरकारने भिंत बांधून अडविलेले पाणी त्याच घरात शिरले तर तो विकास! सप्टेंबर 2023 मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी धार आणि बडवानी जिल्ह्यांत, कागदावर बुडिताच्या बाहेर दाखविलेल्या घरांतही शिरले. त्याआधी पाण्याची पातळी नव्याने मोजून मध्य प्रदेशातील 15,946 कुटुंबे बाधितांच्या यादीतून वगळण्यात आली होती. पाण्याने ती मोजणी मानली नाही. त्या रात्री शेळ्या-कोंबड्या आणि धान्याच्या कणग्या वाहून जाताना पाहणाऱ्या बाईने आपल्याला पूरग्रस्त म्हणावे की धरणग्रस्त, हा शब्दच्छल करावयास सरकारी कचेऱ्यांना वेळ आहे. आणि तिच्या अर्जाला तेवढा नाही.

सरदार सरोवराचा इतिहास मराठी वाचकाला थोडाबहुत ठाऊक आहे. एकूण 245 गावे या धरणाने बाधित ठरली, त्यांतील 193 मध्य प्रदेशातली. धार जिल्ह्यातले चिखल्दा आणि निसरपूर ही नांदती गावे त्यांत होती. सप्टेंबर 2017 मध्ये धरणाचे लोकार्पण मोठ्या थाटात झाले आणि सप्टेंबर 2019 मध्ये जलाशय प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. तेव्हा ही गावे पाण्याखाली गेली. 2017 च्या पावसाळ्यात चिखल्द्याला मेधा पाटकर उपोषणास बसल्या. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना तेथून उचलले आणि पुढे त्यांची रवानगी धारच्या तुरुंगात झाली. सत्याग्रह्याला तुरुंग नवा नाही. आपल्या सीमाभागातील घराघरांत कोणी ना कोणी तो पाहिलेला आहे. त्या प्रसंगाने एक गोष्ट मात्र जगापुढे आली, की या खोऱ्यात न्याय मागावयास संघटना असावी लागते, उपोषण असावे लागते, सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुनःपुन्हा जावे लागते. ज्या एकट्या विधवेला केवळ आपल्या घराच्या जोत्याची भरपाई हवी आहे, तिने हे सारे कोठून उभे करावे?

तिची अडचण कोठून सुरू होते? वकिलाच्या फीपासून ती सुरू होत नाही. ती नावापासून सुरू होते.

नर्मदा पाणीतंटा लवादाचा अंतिम निवाडा डिसेंबर 1979 चा. विस्थापितांस जमिनीच्या बदल्यात जमीन द्यावी, पाव हिश्शाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर द्यावी, अशी त्यात तरतूद होती. त्या काळाच्या मानाने ती उदार होती हे कोणीही नाकारणार नाही. पण त्याच निवाड्याने कुटुंब म्हणजे काय हेही सांगून ठेवले. नवरा, बायको, अज्ञान मुले आणि कर्त्यावर अवलंबून असलेली माणसे, उदाहरणार्थ विधवा आई, मिळून एक कुटुंब. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र कुटुंब! सज्ञान मुलीचे काय? ती कोठेच नाही. ती बापाच्या घरात मोजली जाईल, नाहीतर नवऱ्याच्या. नवऱ्याने टाकलेली असेल, बाप मेलेला असेल, तर ती कोणाच्या घरात मोजावयाची, हे लवादाला सुचले नाही. विधवा आई ही अवलंबित. जी बाई उभ्या आयुष्यात पहाटेपासून रानात राबली, ती कोणावर अवलंबून होती म्हणे?

पुढे वाद झाले तेही मुलाचेच. 15 मार्च 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवरापुरते सांगितले की, सज्ञान मुलाला स्वतंत्र जमीन मिळालीच पाहिजे. ओंकारेश्वर आणि इंदिरा सागर ही आणखी दोन धरणे. त्यांचे पाणी देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, नर्मदेच्या उत्तर काठाला येऊन भिडले. त्यांपैकी ओंकारेश्वरच्या विस्थापितांबाबत 2011 साली त्याच न्यायालयाने सांगितले की, तेथे सज्ञान मुलाला वेगळी जमीन मिळणार नाही. नदी एकच, काठ एकच, आणि न्याय गावाच्या नावावर! पण आमचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. मुलाला द्यावयाचे की नाही यावर देशातल्या नामवंत वकिलांनी दोन्ही बाजूंनी आपली बुद्धी झिजविली. त्या वादाच्या केंद्रस्थानी मुलगी एकदाही आली नाही. तिच्या वतीने उभा राहणारा वकील जिल्ह्याच्या कोर्टात मिळत नाही, तर दिल्लीत कोठून मिळणार?

याला जोड म्हणून वारसाकायद्याची गंमत पाहा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने आणि त्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाच्या बरोबरीचा हिस्सा दिला, म्हणून आपण टाळ्या पिटल्या. त्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात लिहिले आहे की, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. ओडिशातील एका आदिवासी स्त्रीने संपादित जमिनीच्या भरपाईत मुलगी म्हणून हिस्सा मागितला. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे अपील फेटाळले. फेटाळताना न्यायालयाला वाईट वाटले, आणि सरकारने कायदा बदलण्याचा विचार करावा असे त्याने सांगितले. जुलै 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने छत्तीसगडमधील एका गोंड स्त्रीच्या वारसांना बरोबरीचा हिस्सा दिला. स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर समतेचे तत्त्व लागू झाले पाहिजे, असे सांगितले. म्हणजे भिल्ल बाईचा हक्क रूढी कोण सिद्ध करतो आणि कोणाच्या साक्षीने, यावर लोंबकळत आहे. रूढीची साक्ष द्यावयास गावचे पुरुष येणार. तिच्या बाजूने उलटतपासणी कोण घेणार? येथे वकील हवा आहे, आणि तो नुसता नेमणुकीचा कागद घेऊन आलेला नको, त्या समाजाची रीतभात जाणणारा हवा.

कायदेकारांना बाईचे नाव लिहिता येत नाही असे मात्र नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवावा, असे स्पष्ट लिहिले आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सज्ञान व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब धरली आहे; विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता यांनाही स्वतंत्र कुटुंब म्हटले आहे. शहाणपण आले, पण ते 1 जानेवारी 2014 ला अमलात आले आणि नर्मदाकाठच्या याद्या तोपर्यंत जुन्या व्याख्येने लिहून झाल्या होत्या. बाईचे नाव कागदावर चढावयाला कायदा शिकला तो धारच्या बाईची जमीन कागदावरून उतरल्यावर.

आणि कागदाला पाय फुटतात ते वेगळेच. जमिनीऐवजी रोख रक्कम देऊन लोकांना वाटेस लावण्याची योजना मध्य प्रदेश सरकारने काढली. कुटुंबाला 5 लाख 58 हजार रुपये, दोन हप्त्यांत, आणि त्यातून जमीन त्यांची त्यांनीच शोधावी! पहिला हप्ता हाती पडला आणि दलालांचे पीक आले. अस्तित्वात नसलेल्या जमिनींची, दुसऱ्याच्या जमिनींची, सरकारी पडीक जमिनींची बनावट खरेदीखते झाली. उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती श्रवण शंकर झा आयोगाने वर्षानुवर्षे चौकशी करून या घोटाळ्याचा अहवाल 2016 साली सादर केला. 8 फेब्रुवारी 2017 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ज्यांनी रोकड घेतलीच नव्हती अशा 681 कुटुंबांना प्रत्येकी 60 लाख, आणि फसवणूक झालेल्या 1,358 कुटुंबांना, आधी दिलेली रक्कम वजा करून, प्रत्येकी 15 लाख देवविले. या आकड्यांत संघटनेच्या तीन दशकांच्या चिकाटीचे यश आहे. ते आम्ही कमी लेखीत नाही. पण वाचकहो, 'कुटुंबाला' या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहा. पैसे ज्याच्या खात्यावर गेले तो कर्ता पुरुष. त्याने दारूत घातले, दुसरी बायको केली, मोटारसायकल घेतली, तर पहिलीने जावे कोणाकडे? तिची फिर्याद सरकारविरुद्ध नाही, धरणाविरुद्ध नाही. घरातल्याच माणसाविरुद्ध आहे. अशा फिर्यादीला मोर्चा निघत नाही. तिला लागतो तो एक वकील, एक दुभाषी, आणि पोटगीचा एक साधा अर्ज.

दुभाषी हा शब्द आम्ही सहज लिहिलेला नाही. बाई आपले दुःख सांगते ते भिलालीत किंवा बारेलीत. तहसिलीत अर्ज होतो तो हिंदीत. आणि तोच मामला इंदूरच्या खंडपीठापर्यंत गेला तर याचिका होते इंग्रजीत. तीन मजल्यांच्या या इमारतीत प्रत्येक जिन्यावर तिच्या म्हणण्यातले काहीतरी सांडते. आणि वरच्या मजल्यावर जे पोहोचते ते तिचेच म्हणणे आहे की अर्जनवीसाचे, हे तिलाही कळत नाही, कारण अंगठा तिने खालच्या मजल्यावरच उमटविलेला असतो. 2011 च्या जनगणनेत धार जिल्ह्यातील स्त्री-साक्षरता निम्म्याच्याही खाली होती. आरोपीसाठी फौजदारी कायद्याने सोय केली आहे: साक्षीपुरावा त्याला समजेल अशा भाषेत त्याला सांगितला पाहिजे. जुन्या संहितेचे 279 वे कलम ते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ती तरतूद राहिली. म्हणजे बाईने गुन्हा केला तर तिला तिच्या भाषेत ऐकू येईल. तिच्यावर अन्याय झाला तर मात्र हिंदी शिकून यावे!

येथे सीमाभागातील वाचकाला आम्ही राज्यघटनेचे 350 वे कलम स्मरण करून देतो, आणि ते त्याला पाठ असेल याची आम्हांस खात्री आहे. कोणत्याही तक्रारीच्या निवारणासाठी संघराज्यातील किंवा राज्यातील कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येक व्यक्तीला अधिकार आहे. 'वापरात असलेल्या', आठव्या परिशिष्टातल्या असे ते कलम म्हणत नाही! धार जिल्ह्यात 2011 च्या गणतीप्रमाणे निम्म्याहून अधिक, जवळजवळ 56 टक्के, लोक अनुसूचित जमातींचे आहेत. तेथे भिली वापरात नाही असे म्हणण्याची छाती कोणत्या जिल्हाधिकाऱ्याला आहे? मग भिलीत लिहिलेला, देवनागरी लिपीतला अर्ज हातात घेऊन त्याची पोच द्यावी, हा कायदा आहे, मेहेरबानी नव्हे. मराठीतल्या अर्जासाठी आपण चालविलेला आग्रह रास्त असेल, तर भिलीतल्या अर्जासाठी हाच आग्रह धरणे आपल्याला भाग आहे. आपली भाषा तेवढी भाषा आणि दुसऱ्याची ती बोली, ही मखलाशी आपल्याविरुद्ध किती वेळा वापरली गेली ते आपण विसरलेलो नाही.

सरकारी गोटातून यावर एक ठरीव उत्तर येते: 'सोय आहे, बायकाच येत नाहीत.' हे उत्तर ऐकले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. कुक्षी, मनावर येथे तालुका न्यायालये आहेत, हे खरे. पण जिल्ह्याचे प्राधिकरण धारला, म्हणजे कुक्षीपासून जवळजवळ शंभर किलोमीटर. आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ इंदूरला, दीडशे किलोमीटरच्या घरात. दिवसाची मजुरी बुडवून, कडेवर मूल घेऊन, बसचे भाडे उसने आणून बाई गेली आणि तारीख पडली, तर दुसऱ्या खेपेस ती येत नाही. तिने यावे कशाला? सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली अरुणाचलच्या सुक दास खटल्यात सांगितले आहे की, आरोपीने अर्ज केला नाही या सबबीवर मोफत वकील नाकारता येणार नाही. ज्या माणसाला हक्कच ठाऊक नाही तो मागेल कसा? हे तत्त्व फौजदारी खटल्यापुरते ठेवून वसाहतीतल्या बाईला मात्र 'तू का आली नाहीस' असे विचारणे हा ढोंगीपणा आहे.

दुसरे उत्तर अधिक सभ्य दिसते आणि म्हणून अधिक घातक असते. आदिवासींचे स्वतःचे पंच आहेत, त्यांच्या रीतीभातींत कोर्टाने नाक खुपसू नये, असे ते उत्तर. आदिवासींच्या स्वशासनाला आमचा विरोध नाही. 1996 चा पेसा कायदा मध्य प्रदेशात नीट राबविण्याचे नियम नोव्हेंबर 2022 मध्ये, सव्वीस वर्षांनी, निघाले याचीच आम्हांस खंत आहे. त्या नियमांनी गावोगाव शांती व विवाद निवारण समित्या करावयाच्या आहेत. परंतु 2021 साली धार जिल्ह्यातच दोन मुलींना त्यांच्या नातलगांनी भर गावात झोडपले आणि त्याची चित्रफीत देशाने पाहिली; त्या मुलींनी कोणत्या पंचांकडे जावयाचे होते? दंडाची रक्कम ठरवून बाईचा तंटा पुरुषांनी आपसांत मिटविणे यास न्याय म्हणत नाहीत. शिवाय हा पेसा तरी सर्वांना कोठे आहे? धार जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. देवास जिल्हा त्यात नाही. धारच्या भिल्लिणीला ग्रामसभेचा अधिकार, आणि तिची बहीण देवासच्या बागली तहसिलात दिली असेल तर तिला तोही नाही! बागलीच्या जंगलपट्टीतील आदिवासींचा कायद्याशी संबंध येतो तो बहुधा वनखात्याच्या आणि पोलिसांच्या रूपाने. एप्रिल 2001 मध्ये याच भागातील मेहंदीखेडा येथे गोळीबार होऊन चार आदिवासी मृत्युमुखी पडले. ज्या वस्तीने सरकार बंदुकीच्या टोकाशी पाहिले, त्या वस्तीतल्या बायांनी सरकारनेच नेमलेल्या वकिलावर पहिल्या भेटीत विश्वास टाकावा, ही अपेक्षा करणाराने आधी त्या वस्तीत चार दिवस राहून यावे.

हे सारे लिहिताना आम्ही आपल्या मराठी राज्याला सोवळ्यात ठेवू इच्छीत नाही. त्याच धरणाने नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांची 33 गावे बाधित झाली. त्या गावांतल्या पावरा आणि भिल्ल बायांना मराठी तितकीच परकी, जितकी धारच्या बायांना हिंदी. मथुरा खटला तर आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातला: 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना सोडले. देशभर संताप उसळला, कायदा बदलला. पण त्या रात्री ठाण्यात तिच्यासोबत कायदा जाणणारी एक बाई असती तर? मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांविषयी शीला बारसे यांनी पत्र लिहिले, त्यावर 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, अटक होताच पोलिसांनी विधिसाहाय्य समितीला कळवावे. त्याचे मर्म एवढेच, की साहाय्याने बाईकडे चालत जावे.

आणि ते चालत जाऊ शकते, याचा दाखला देवासनेच दिला आहे. डोक्यावरून मैला वाहण्याच्या अमानुष धंद्यातून वाल्मीकी आणि हेला समाजाच्या बायांना सोडविण्याचे काम 'जन साहस' या संस्थेने देवासमधून सुरू केले. राष्ट्रीय गरिमा अभियान म्हणून ते पुढे अनेक राज्यांत गेले. 2012 च्या नोव्हेंबरात भोपाळहून निघालेली मैला मुक्ती यात्रा 2013 च्या जानेवारीअखेर दिल्लीस पोहोचली, आणि त्याच वर्षी हाताने मैला उचलण्याविरुद्धचा नवा कायदा संसदेने केला. ज्या बायांनी टोपल्या जाळल्या त्यांच्यातल्याच काही पुढे इतर पीडित बायांसोबत ठाण्यात आणि कोर्टात जाऊ लागल्या. काळा कोट त्यांच्या अंगावर नव्हता; पण कोणत्या खिडकीशी काय मागावयाचे, फिर्यादीची प्रत कशी घ्यावयाची, फौजदार ओरडला तर उठून जावयाचे नाही, हे त्यांना कळत होते. वकिलाची सनद तीन वर्षांत मिळते. हे धैर्य शेजारणीकडूनच येते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे, आणि त्याला नवा कायदादेखील फारसा लागत नाही. कलम 12 मधील यादीत धरण आणि प्रकल्पाने विस्थापित झालेल्यांचा स्पष्ट उल्लेख करावा. त्यास संसदेत एका ओळीची दुरुस्ती पुरे. धार आणि देवासच्या प्रत्येक मोठ्या पुनर्वसन वसाहतीत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बसावा. तो आला नाही तर त्याची गैरहजेरी मांडली जावी. विधिसेवक म्हणून त्याच वसाहतीतल्या भिली-भिलाली बोलणाऱ्या बाया नेमाव्यात आणि त्यांना मानधन वेळेवर द्यावे. दिलेल्या आणि देणे बाकी असलेल्या सर्व भूखंडांवर, पट्ट्यांवर पत्नीचे नाव चढवावे. वनजमिनीला जे जमते ते बुडीत जमिनीला न जमण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. टाकलेल्या आणि विधवा स्त्रियांची, जुन्या याद्यांत गडप झालेल्यांची, घरोघर जाऊन नव्याने नोंद करावी. आणि अनुसूचित जमातींच्या मुलींच्या वारसाहक्काबद्दल केंद्राने डिसेंबर 2022 पासून चालविलेला 'विचार' आता संपवावा. विचार करावयास इतका वेळ ऋषिमुनींनाही लागत नसे.

9 नोव्हेंबर हा दिवस देशभर विधी सेवा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह सजते, हारतुरे होतात, पाहुणे 39-अ कलमावर भाषणे करतात. यंदाचा समारंभ धारच्या प्राधिकरणाने धारला करू नये. निसरपूरच्या वसाहतीत एक टेबल मांडावे, त्यामागे भिलाली बोलणारी एक बाई बसवावी, आणि येईल त्या बाईचा अर्ज तिच्या भाषेत लिहून घेऊन, तारीख-शिक्क्यासह पोच तिच्या हातात द्यावी. त्या दिवशी किती पोचपावत्या फाटल्या, तो आकडा दुसऱ्या दिवशी छापावयास आम्ही आमच्या पानावर जागा राखून ठेवू.